कागदावरचं हरीण

एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं मी लिहून बसलो आहे. अणुचाचण्यांवर लिहिलं, लष्करी खर्चावर लिहिलं, जर्मनीत पुन्हा उभ्या राहणाऱ्या सैन्यावर लिहिलं. तुम्ही वाचलंत, काहींनी कौतुकाची पत्रंही पाठवलीत. पण ही गोष्ट — ही आईला सांगितली नाही, दादांना नाही, जर्मनीत कार्ल्सरूहेच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या साठ्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? कारण तिचा अर्धा भाग तुम्हाला आधीच माहीत आहे. आणि तुम्हाला माहीत असलेला अर्धा भाग खोटा आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता, ‘बंदूक खाली ठेवणारा माणूस’. जर्मनीतला एक म्हातारा शिकारी, त्याच्या घरी राहणारा एक भारतीय विद्यार्थी, आणि त्या विद्यार्थ्याच्या सहवासात म्हाताऱ्याचं झालेलं मनःपरिवर्तन. लेख मासिकात आला. मग दादांनी तो वेगळा छापला आणि गावोगाव वाटला. शाळांमधून वाचला गेला म्हणे. मला लेखक म्हणून जे काही थोडं नाव आहे ते त्या चार पानांवर उभं आहे. म्हाताऱ्यानं बंदूक खाली ठेवली, हे खरंच आहे. का ठेवली — ते मी लिहिलं नाही.

कुठून सुरू करू? दादांपासून करतो. नाहीतर मला कळणार नाही, आणि तुम्हालाही.

दादा म्हणजे माझे वडील. सांगलीत त्यांचं पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर दादा चालायचे. मी अक्षरं शिकलो ती छपाईच्या खिळ्यांवरून, उलटी. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचली. युद्ध नको, शस्त्र नको, खोटं नको. आई मैद्याची खळ शिजवून डब्यात भरून द्यायची आणि मी भिंतीभिंतींवर ती पत्रकं चिकटवत फिरायचो. खळ किती पातळ हवी, कागदाचा आधी मधला भाग दाबायचा की कोपरा, हे माझ्या हातांना अजून पाठ आहे. या हातांनी पुढे काय केलं, तेच तर सांगायचं आहे.

कार्ल्सरूहेला शिकायला आलो तेव्हा शहरात खोली मिळेना. बाँबनी पाडलेली घरं अजून पुरती उभी राहिली नव्हती. शहराच्या दक्षिणेला, जिथे डोंगर आणि जंगल सुरू होतं, तिथल्या एका गावात हेर — म्हणजे श्रीयुत — हाउजर यांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. हाउजर गावचे निवृत्त पोस्टमास्तर. सत्तरीला आलेले, बायको वारलेली, घरात एकटे. जिन्याच्या भिंतीवर हरणांची शिंगं ओळीनं लावलेली होती. इथली हरणं लहान असतात, आपल्या भेकराएवढी. त्यांची शिंगंही लहान, हाताच्या बोटांसारखी. मी मान खाली घालून जिना चढायचो. साठे कधी आला की पहिल्या पायरीवरूनच ओरडायचा, “काय अहिंसावादी, स्मशानात बिऱ्हाड केलंत की काय?”

मी मांस खात नाही म्हटल्यावर हाउजर यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक नवा तवा टांगलेला होता. डुकराच्या चरबीच्या तव्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या दांड्याला पांढरा रंग दिला होता. रंग अजून ओला होता. त्या तव्यात ते माझ्यासाठी बटाटे परतायचे, आणि स्वतः जेवायला बसण्याआधी माझं ताट भरायचे. हे लेखात नव्हतं. शिकाऱ्याच्या घरी पांढऱ्या दांड्याचा तवा असतो, हे माझ्या लेखाच्या सोयीचं नव्हतं.

आणखी एक. भारतातली माणसं खोटं बोलत नाहीत, असं त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलं होतं. गंमत नाही, अगदी मनापासून मानायचे ते. शेजारणीशी कशावरून वाद झाला की मला हाक मारायचे — “आमच्या इंडरला विचारा, तो खरं तेच सांगेल.” इंडर म्हणजे भारतीय. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. सांगायला हवं होतं की अहो, आमच्याकडेही माणसंच राहतात. नाही सांगितलं. मला ते आवडलं. कोणाला आवडणार नाही?

आता बंदूक.

घरात एकच बंदूक होती आणि ती त्यांची नव्हती. ती मार्टिनची, त्यांच्या मुलाची. एका वेळी एकच गोळी भरता येणारी, मध्ये मोडून उघडायची, नाजूक, हलकी बंदूक. लोखंडावर ओकची पानं कोरलेली. लाकडी दस्ता मार्टिनच्या गालाला बसेल असा तासून घेतलेला. मार्टिन पूर्वेच्या आघाडीवर गेला तो परत आला नाही. मेल्याची खबरही आली नाही. लढाई संपल्यावर परक्या सैन्यानं हुकूम काढला की घराघरातली हत्यारं जमा करा, आणि ज्याच्याकडे सापडेल त्याची खैर नाही. हाउजर यांनी आपली स्वतःची बंदूक नेऊन दिली. मुलाची मात्र चरबी माखून, मेणकापडात गुंडाळून कोबीच्या वाफ्याखाली पुरली. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या, कायद्याला घाबरणाऱ्या या माणसानं जन्मात तेवढा एकच गुन्हा केला. पुढे शिकारीला परत परवानगी मिळाली तेव्हा ती उकरून काढली. शेवटचे युद्धकैदी परत आले, मार्टिन त्यांच्यात नव्हता. मग ते त्याची बंदूक स्वतः वापरायला लागले.

पण डोळे जात चालले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा म्हातारपणानं अधू. जुन्या बंदुकीनं नेम धरताना डोळ्याला तीन ठिकाणी एकदम बघावं लागतं — जवळची खाच, नळीच्या टोकावरचा मणी आणि लांबचं जनावर. म्हाताऱ्या डोळ्याला ते झेपत नाही. बंदुकीवर दुर्बीण बसवली की सगळं एकाच ठिकाणी दिसतं. मी त्या सत्रात प्रकाशशास्त्र शिकत होतो. मला हे त्यांच्यापेक्षा चांगलं समजत होतं.

गावाबाहेर लाकूड कापायची गिरणी होती, तिचा मालक रोटमान. गडगडून हसणारा, लाल मानेचा माणूस. जंगलाचा तो भाग शिकारीसाठी त्याच्याच ताब्यात होता आणि हाउजर त्याच्या परवानगीनं तिथे जायचे. रोटमानला मार्टिनची बंदूक फार दिवसांपासून हवी होती. ती झूल गावच्या कारागिरानं केलेली, आणि झूल आता सरहद्दीच्या पलीकडे, दुसऱ्या जर्मनीत गेलेलं. तसं काम आता इकडे मिळत नव्हतं. त्यानं सांगितलं, “ती मला दे आणि माझी नवी घे. दुर्बिणीसकट. बरोबरीचा सौदा. तू आंधळा होण्याआधी ठरव.”

महिनाभर हाउजर त्या सौद्याभोवती फिरत राहिले. बटाटे सोलता सोलता बोलायचे.

“मार्टिन असता तर म्हणाला असता, पप्पा, घ्या ती दुर्बिणीची. हो ना?” मग स्वतःशीच — “पण मार्टिन असता तर बंदूक त्याची असती. मी कोण ती देणारा?”

त्यांच्या मनात दोनच गोष्टी होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक, मुलाची तेवढी एकच वस्तू उरली होती जी हातात धरली की त्याच्या गालाची जागा हाताला लागायची. दुसरी, शिकाऱ्याचा कायदा. जनावर एका गोळीत पडलं पाहिजे. जे जखमी होऊन पळालं आणि मेलं, त्याची लाज शिकाऱ्याला मरेपर्यंत. मेलेल्या हरणाच्या तोंडात इथले शिकारी फर या सूचिपर्णी झाडाची एक हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणतात तिला. टोपी काढून क्षणभर उभे राहतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा खोलीत जाऊन दादांना लिहिलं होतं की ही माणसं आधी मारतात आणि मग जेवू घालतात. किती झणझणीत वाक्य वाटलं होतं मला ते. दादांनी ते एका पत्रकावर छापलं.

मला त्यांनी विचारलं नाही, असं नाही. मी म्हणालो की बंदूक कुठलीही असो, ती बंदूकच. ते हसले. “गेनाऊ,” म्हणाले, “अगदी बरोबर. पण मला शनिवारी निर्णय द्यायचाय.” आणि मग, “आल्झो, तर मग आपण कागदाला विचारू. कागद सांगेल ती ठेवू.”

गावाजवळ दगडाची एक जुनी खाण आहे. तिथे गावच्या नेमबाजांची जागा. एका टोकाला लाकडी पडवी, दुसऱ्या टोकाला, शंभर मीटरवर, निशाणाचा कागद. कागदावर छापलेलं हरीण, आडवं उभं राहिलेलं, मान वर केलेलं. कागदाखाली खंदक. त्या खंदकात एक माणूस बसतो. वर मारणाऱ्यानं गोळी झाडली की शिट्टी वाजते. मग खंदकातला माणूस उठतो, भोक शोधतो, लांब काठीच्या टोकाला बसवलेली गोल फळी त्या भोकावर धरतो. पडवीतल्याला लांबून, कागदावरच्या जुन्या ठिगळांच्या गर्दीत, नवं भोक दुर्बिणीतूनही ओळखू येत नाही, फळी दिसते. फळी जिथे, तिथे गोळी. नंतर खंदकातला माणूस भोकावर खळ लावून कागदाचा छोटा चौकोन चिकटवतो, म्हणजे पुढची गोळी वेगळी ओळखू येते.

खंदकात बसायला त्यांनी मला नेलं. दुसरं कोणाला नेणार? डोळे तरुण होते, आणि इंडर खोटं बोलत नाही.

मी खंदकात उतरलो. खळीचा डबा, कागदाचे चौकोन, काठी. त्या खळीचा वास — अगदी सांगलीच्या घरातला. हसू आलं मला. वाटलं, दादांनी मला इथे बघायला हवं.

इथून पुढे आडवळण उरलेलं नाही.

आधी त्यांनी मार्टिनच्या बंदुकीनं तीन गोळ्या मारल्या, मग रोटमानच्या बंदुकीनं तीन. जुनीच्या गोळ्या विखुरल्या. नवीच्या तिन्ही हरणाच्या खांद्यामागे, जिथे हृदय असतं तिथे, जवळजवळ एकमेकींना चिकटून लागल्या. माझ्या तळहाताखाली तिन्ही झाकल्या असत्या. काय सुंदर नेम होता तो! त्या डोळ्यांनी, त्या वयात.

आणि मी उलट दाखवलं.

जुनीच्या प्रत्येक गोळीला मी फळी हरणाच्या खांद्यावर नेली. नवीच्या प्रत्येक गोळीला इकडेतिकडे — एकदा पोटाच्या खाली, एकदा पाठीच्या वर, एकदा हरणाच्या पूर्ण बाहेर. प्रत्येक वेळी भोकावर चौकोन चिकटवला. कागदावर आधीच असे शेकडो चौकोन होते, त्यांत माझे मिसळून गेले. तोंडातून एक शब्द काढावा लागला नाही. खोटं बोलावं लागलं असतं तर कदाचित जीभ अडली असती. काठीला जीभ नसते.

का केलं? त्या वेळी माझ्याकडे कारण तयार होतं, पत्रकातल्यासारखं तीन ओळींचं. चांगली बंदूक म्हणजे जास्त हरणं मरणार. वाईट बंदूक म्हणजे नेम चुकणार, हरणं वाचणार. शस्त्र निकामी करणं हे पुण्य. मला खरंच असं वाटलं की मी सत्याग्रह करतोय. खंदकात, एकटा, खळीच्या डब्याशेजारी. ज्या माणसानं माझ्यासाठी तव्याचा दांडा रंगवला त्याला फसवताना माझी छाती फुगली होती. हे लिहून ठेवतो. मी घाबरून खोटं बोललो नाही. अभिमानानं बोललो.

चुकणारी गोळी नेहमी हवेतच जाते, असं मी धरून चाललो होतो. कोणी सांगितलं होतं मला तसं?

पडवीत परत आलो तेव्हा हाउजर दुर्बिणीच्या बंदुकीकडे बघत होते. “काचेतून मला स्पष्ट दिसत होतं,” ते म्हणाले. “केसही दिसले असते. मग गोळी कुठे गेली?”

“सवय नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्या काठीवर विश्वास ठेवला. आणि मग — हे मला विसरता येत नाही — त्यांचा चेहरा उजळला. कायद्यानं नवी घ्यायची आणि मनानं जुनी ठेवायची, अशा ओढाताणीतून कागदानं त्यांना सोडवलं होतं. घरी जाताना सगळ्या रस्त्यानं ते बोलत होते. मार्टिन पहिल्यांदा या बंदुकीनं किती वाईट चुकला होता, त्याची आई कशी चिडवायची. स्वयंपाकघरात त्यांनी सफरचंदाची वाइन उघडली, मला रस दिला. बंदुकीला तेल लावलं, फडक्यानं पुसलं, आणि दस्त्यावर, गालाच्या जागी, हात ठेवून म्हणाले, “राहिला घरी.”

त्यांनी नवी बंदूक परत केली तेव्हा रोटमान चिडला. माझ्या बंदुकीत खोट काढतोस? त्यानं तिथल्या तिथे, गिरणीच्या मागे, एका फळीवर खडूनं खूण करून गोळी मारली. गोळी खुणेवर. मग तो गडगडून हसला. “बंदूक ठीक आहे, पोस्टमास्तर. तुझे हातच आता तिकीट चिकटवण्यापुरते उरलेत.” हाउजर यांनी घरी येऊन हे मला हसत सांगितलं. पण जेवताना मी पाहिलं, ते स्वतःचे हात टेबलावर सरळ ठेवून निरखत होते. हलतायत का ते बघत होते. हात हलत नव्हते. मला ते माहीत होतं. त्या टेबलावर हे माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी बटाटे खात राहिलो.

नोव्हेंबरात ते एका म्हाताऱ्या मादीच्या मागावर गेले. हिवाळ्याआधी अशा अशक्त माद्या मारतात, त्या थंडीत उपाशी मरू नयेत म्हणून. मी याच्यावरही कधीतरी टोमणा मारला होता. संध्याकाळी ते परत आले. टोपी न काढता खुर्चीत बसले. मग मूठ उघडून टेबलावर काहीतरी ठेवलं. हाडाचा एक चुरा आणि एक दात.

“जबडा,” ते म्हणाले.

मला अर्थ कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. जबड्याला गोळी लागलेलं हरीण पडत नाही. पळतं. त्याला चारही पाय असतात, हृदय असतं, सगळं असतं. फक्त खाता येत नाही, पाणी पिता येत नाही. ते कित्येक दिवस जगतं.

सकाळी आम्ही शोधायला गेलो. रोटमान त्याचा कुत्रा घेऊन आला. त्या दिवशी तो हसला नाही, थट्टा केली नाही, आणि ते मला जास्त झोंबलं. हाउजर यांनी मला बरोबर घेतलं कारण माझे डोळे चांगले. रक्ताचा एखादा थेंब दिसतोय का, मी पानांतून बघत चालायचो. पुन्हा त्यांचे डोळे मीच! मी वर्ग बुडवले. रोज जायचो. रोज वाटायचं, आज सापडलं की सांगून टाकीन. खरंच वाटायचं? की रोज मनातून म्हणायचो, सापडू नये?

पुढच्या आठवड्यात कुत्र्यानं ओढ्याकाठी तिला शोधलं. पाण्यापाशीच पडली होती, पुढचे पाय पाण्यात. पोट पाठीला लागलेलं. मरून फार वेळ झाला नसावा.

हाउजर यांनी टोपी काढली. फरची डहाळी मोडली. गुडघ्यावर बसले आणि डहाळी तिच्या तोंडात ठेवायला गेले. ठेवता येईना. खालचा जबडा नव्हताच. डहाळी घसरून चिखलात पडली. त्यांनी उचलली, पुसली, पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. रोटमान म्हणाला, “राहू दे.” ते थांबले नाहीत. शेवटी रोटमाननं त्यांना दोन्ही काखांत हात घालून उभं केलं, आणि डहाळी त्यांच्या हातातच राहिली.

मी तीन पावलांवर उभा होतो. आधी मारतात आणि मग जेवू घालतात — माझंच वाक्य. छापलेलं.

त्यांनी शिकारीचा परवाना परत केला. मार्टिनची बंदूक गुंडाळून रोटमानच्या गिरणीत नेली आणि बाकावर ठेवली. रोटमाननं आपली नवी पुढे केली, ती घेतली नाही. “मला आता कुठलीच नको.” म्हणजे सौदा शेवटी झालाच. अर्धा. घरी येऊन त्यांनी जिन्यातली शिंगं उतरवली. भिंतीवर फिकट डाग राहिले, ओळीनं. मी मान वर करून जिना चढू शकत होतो. तसा चढलो नाही कधी.

आणि मग मी लेख लिहिला. ऐकताय ना? त्याच महिन्यात, त्याच माडीवर बसून. एका शिकाऱ्यानं प्रेमाच्या स्पर्शानं शस्त्र टाकलं, असं लिहिलं. मादीचा उल्लेख केला, नाही असं नाही — ‘एका मुक्या जीवाच्या डोळ्यांत त्याला सत्य दिसलं’ असा. खंदक नव्हता, काठी नव्हती, मार्टिनही नव्हता. मार्टिन आला असता तर तुमचं मन म्हाताऱ्याकडे गेलं असतं, आणि मला ते माझ्याकडे हवं होतं.

दादांनी छापलेल्या प्रती पोस्टानं आल्या. मी पाकीट उघडताना हाउजर यांनी पाहिलं. आपल्याविषयी आहे कळल्यावर म्हणाले, वाचून दाखवा. मी म्हणालो, मराठीत आहे. ते म्हणाले, असू दे, ऐकतो. मी चारही पानं वाचली. ते हात टेबलावर ठेवून, डोळे मिटून ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता त्यांना. संपल्यावर त्यांनी विचारलं,

“सगळं जसं झालं तसंच लिहिलंय?”

“हो,” मी म्हणालो.

“तुमच्याकडचे लोक तसंच लिहिणार,” ते म्हणाले, आणि ती प्रत त्यांनी मार्टिनच्या फोटोशेजारी उभी करून ठेवली.

शिक्षण संपलं, मला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली. वर्षातून एकदोनदा मी त्यांना भेटायला जायचो. दर वेळी गाडीत मनात वाक्यं जुळवायचो. जर्मन वाक्यं, क्रियापद शेवटी येणारी. दर वेळी ते दारातच म्हणायचे, आमचा इंडर आला. आणि तो पांढऱ्या दांड्याचा तवा खुंटीवरून काढायचे. एकदा मी सुरुवातही केली — “त्या खाणीतल्या दिवसाबद्दल…” ते म्हणाले, “माझे हातच संपले होते हो तेव्हा. कागदानं मला जुनीच्या बाबतीत आशा दाखवली, पण कागदावर हरीण हलत नाही. तुमचा काय दोष?” मी म्हणू शकत होतो. तोंड उघडलेलं होतं. मी त्यात बटाट्याचा तुकडा घातला.

या वसंतात ते गेले. मी मातीला पोचलो. परवाना परत केलेल्या माणसासाठी शिकाऱ्यांचं शिंग वाजवायचं की नाही, यावर कबरस्तानाच्या दारात थोडी कुजबुज झाली. वाजवलं नाही. पण रोटमान फरच्या डहाळ्या घेऊन आला होता. शिकाऱ्याच्या कबरीत त्याचे सोबती एकेक डहाळी टाकतात. त्यानं सगळ्यांना दिल्या आणि माझ्यासमोर थांबला. रोटमानही आता थकलाय, मान लाल नाही राहिली. “तुम्ही घ्या,” तो म्हणाला. “तुम्ही त्याचे डोळे होतात.”

मी घेतली. टाकली. रोटमानलाही काही बोललो नाही.

तर आता तुम्हाला ती चार पानं आणि हे, दोन्ही माहीत आहे. दादाही हे वाचतील. त्यांनी ते पत्रक पुन्हा छापू नये.

फक्त एक राहिलंय. खंदकात बसणाऱ्यानं कागदावर काय आहे ते सांगायचं असतं. मी ते अजून पुरतं सांगितलेलं नाही. ‘जुनीच्या गोळ्या विखुरल्या’ असं मी वर लिहून पुढे सरकलो. पहिली हरणाच्या पाठीवरून गेली. तिसरी मागच्या पायाला लागली. दुसरी तोंडाला लागली होती, खालच्या जबड्यावर. मी ती पाहिली, भोकात बोट घालून पाहिली. मग तिच्यावर खळ लावली, कागदाचा चौकोन चिकटवला, मधून बाहेर चारही कोपरे नीट दाबले, आणि फळी उचलून हरणाच्या खांद्यावर धरली.